कपाटाच्या दारावरचा नियम

४ मार्च

ताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण आठ अंगांपैकी गुडघे हे अंग सध्या रजेवर आहे. उरलेल्या सात अंगांचा गोड मानून घे.

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, अशा समजुतीनं तू आधी शेवटची ओळ वाचशील. कोणी गेलेलं नाही. सगळे जागच्या जागी आहेत. तो कागदसुद्धा, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, तू पाहिला होतास तसाच. "तो तिथून निघेपर्यंत या घरात पाऊल टाकणार नाही," असं तू म्हणाली होतीस. आपल्या घराण्यात प्रतिज्ञा करणारे पुष्कळ झाले. पाळणारी तू पहिलीच निघालीस.

पत्राचं कारण औषधी आहे. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी एक पिवळी गोळी दिली आहे. ती जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते डबीवर लिहिलेलं नाही. इथल्या औषधवाल्याला विचारता आलं असतं, पण तो औषधं विकतो. तू ती वाचतेस. म्हणून विचारलं.

बाकी क्षेम. धाकटी लाँड्रीत जाते. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी मोठ्या रोलरमधून काढते, दिवसाला अकराशे. मेहुणे गेल्यावर दोन मुलींना घेऊन ती माझ्याकडे आली, त्याला या महिन्यात सहा वर्षं होतील. थोरली आता बारा वर्षांची झाली. कुठल्याही वाक्याला "पण" लावल्याशिवाय ती सोडत नाही, म्हणून आम्ही तिला वकीलीण म्हणतो. सात वर्षांची शेपूट तिच्या मागे मागे असते. दोघींचा कुटुंब-भत्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. वाढदिवसाला त्यांना निनावी पार्सलं येतात, ती कोणाची ते आम्हाला मुळीच कळलेलं नाही. टॉनिकच्या बाटलीवर तुझ्या दुकानाचा शिक्का असतो, तो योगायोग असावा.

जाता जाता एक. लाँड्रीच्या मालकीणबाईंनी धाकटीला पुन्हा विचारलं आहे, इस्त्री विभागाची सुपरवायझर होतेस का म्हणून. ही तिसरी वेळ. पगार दीडपट. एकतीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं, नाहीतर जागा दुसरीला, आणि चौथ्यांदा विचारणार नाही असंही त्यांनी सांगितलं आहे. धाकटी नाही म्हणणार. कारण तुला ठाऊक आहे.

गोळीचं तेवढं कळव.

मधला


११ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "जेवणानंतर. भरपूर पाण्याबरोबर. डबीतला कागद उलटून बघ." तीन वर्षांच्या मौनानंतर सात शब्द. त्यातले शेवटचे चार गुडघ्याला उद्देशून नाहीत, एवढं समजण्याइतकं शिक्षण मला मिळालेलं आहे.

कागद उलटून पाहिला. मागे लिहिलं होतं: जेवणानंतर.

तुझ्या कार्डानं एक उपकार केला. या घरातला नियम मी पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिला. (बाहेरचं माणूस म्हटल्याबद्दल रागावू नकोस, ते पद तू स्वतःच घेतलं आहेस.) दारावरच्या त्या भत्ता-कचेरीच्या पत्रकावर वाक्य एवढंच आहे: कुटुंबाचं एकूण उत्पन्न मर्यादेपेक्षा वाढल्यास भत्त्यावर परिणाम होईल. सूत्र म्हणून उत्तम आहे. अक्षरं कमी, धाक भरपूर. आणि सूत्र दिसलं की भाष्य केल्यावाचून मला राहवत नाही. रेषा ओलांडली की भत्ता बंद, मुलींच्या तोंडचा घास गेला, असं मी सांगितलं. धाकटीनं मान डोलावली, आणि नियम झाला.

माझी अर्धवेळ नोकरी आणि तिचा पगार मिळून आम्ही त्या रेषेच्या बोटभर खाली आहोत. ठेंगण्या दारातून जाताना माणूस वाकतो ना, तसे आम्ही तीन वर्षं वाकूनच चालतोय. तिनं जादा पाळ्या सोडल्या. मी संध्याकाळचा प्रौढांचा वर्ग नाकारला, म्हटलं घसा बरा नाही. गेल्या वर्षअखेरीस मालकीणबाई बक्षीस म्हणून रोख देऊ लागल्या तर धाकटी म्हणाली, "रोख नको बाई, साबण द्या." घरात अजून चौदा किलो साबण आहे. उत्पन्नात साबण धरत नाहीत, हा निकालही माझाच. त्याला आधार विचारू नकोस.

कचेरीत जाऊन का विचारलं नाही, असं तू म्हणशील. झोपलेली फाइल कशाला उठवा, असं वाटलं. उठली की आधी आपल्यालाच चावायची.

काल वकीलिणीनं जेवताना विषय काढला.

"मामा, परिणाम होईल म्हणजे किती होईल?"

"परिणाम म्हणजे परिणाम."

"पण किती?"

"पुष्कळ."

"म्हणजे तुला माहीत नाही."

धाकटी ताट उचलता उचलता म्हणाली, "असं बोलू नये. मामाला सगळं माहीत असतं. फक्त आकडा माहीत नसतो."

शेपूट एवढी हसली की पाणी नाकातून आलं. मी गोळी घेतली, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर.

मधला


१९ मार्च

ताई,

या वेळी तुझं उत्तर आलं नाही. मी ते येण्याची वाटही पाहत नव्हतो. पोस्टमन मात्र दोनदा म्हणाला, "गुरुजी, आल्यावर मी वर आणून देईन, फाटकापाशी उभे राहू नका."

वकीलिणीनं कचेरीचा फोन नंबर हवा म्हणून कपाटात डोकं घातलं. विजेरी लावून तिनं पत्रक तळापर्यंत वाचलं. असं इतक्या वर्षांत कोणी केलं नव्हतं. तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं आहे: चौकशी व तक्ता मागे पाहा.

कपाटातून आवाज आला, "मामा, याच्या मागे काय आहे?"

"लाकूड."

ती बाहेर आली आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिली. अकरा विद्यार्थ्यांना मी संस्कृत शिकवतो. त्यातले चार केवळ मित्राशेजारी बसायला मिळतं म्हणून आलेले आहेत. पण त्या चौघांनीही माझ्याकडे इतक्या करुणेनं कधी पाहिलेलं नाही.

ताई, आता एक गोष्ट. ती तुला अर्धी माहीत आहे, उरलेली अर्धी सांगतो.

धाकटीला पहिल्यांदा विचारणा झाली, त्या दिवशी तू आली होतीस. मी भाष्य सांगत होतो, आणि तू मध्येच म्हणालीस, "अरे, पान उलटून तर बघ." दहा माणसांत नाही, आपल्या तिघांतच म्हणालीस. तरी मला लागलं. वीस वर्षं मी ग्रंथ वाचतो, आणि डब्यांवर लेबलं लावणारी मला पान कसं वाचायचं ते शिकवणार, असं मनात आलं. मनातच ठेवायला हवं होतं. मी ते उच्चारलं. तू उठलीस.

धाकटी मुलींपाशी आत गेली आणि तू जिना उतरत होतीस, तेव्हाच मी शाळेचा डिंक काढला आणि पत्रक कपाटाच्या दाराला चिकटवलं. चारही कोपरे, मधोमध एक बोट, कडा नीट दाबून. विसरलेली छत्री न्यायला तू परत आलीस, तेव्हा डिंक ओलाच होता. तू दार पाहिलंस, मला पाहिलंस, छत्री घेतलीस, आणि ती प्रतिज्ञा केलीस.

म्हणजे मी पान उलटायचं विसरलो नव्हतो. ते कोणालाच उलटता येऊ नये अशी व्यवस्था मी केली होती. विसरणं आणि ही व्यवस्था, यांत फरक आहे. तो धाकटीला माहीत नाही. तिला वाटतं, नियम महत्त्वाचा म्हणून मी तो डोळ्यांसमोर लावला.

एकतीसला बारा दिवस आहेत. कागद काढायचा म्हटलं तर फाटेल, असं मी वकीलिणीला सांगितलं. ती म्हणाली, "पण आई काढेल की. आईचं कामच ते आहे."

मधला


२३ मार्च

ताई,

काल रविवारी दुपारी कागद निघाला.

नाटक झालं ते असं. दार बिजागरीवरून उतरवून टेबलावर आडवं ठेवलं. धाकटीनं ओढणी कमरेला खोचली, ओलं फडकं पसरलं आणि वाफेची इस्त्री हातात घेतली. ताई, कामावरची धाकटी तू पाहिलेली नाहीस, मीही पाहिली नव्हती. घरात ती कोपऱ्याकोपऱ्यानं वावरते. इस्त्री हाती आली की तिचे खांदे बदलतात.

"घाई करायची नाही," ती म्हणाली. "वाफ आधी आत जाऊ द्यायची. डाग असो की डिंक, आधी त्याला मऊ करायचं, मग बोलायचं." मी मदतीला कोपरा धरला तर म्हणाली, "दादा, हात काढ. एवढा घाम सुटलाय की इस्त्रीची गरजच लागायची नाही."

पंधरा मिनिटांत पत्रक सालीसारखं सुटलं. मागे खरोखर तक्ता होता. त्याची एक ओळ मात्र दारावरच राहिली, उलट्या अक्षरांत. शेपूट धावत जाऊन आरसा घेऊन आली आणि वकीलिणीनं ती आरशात वाचली. मर्यादेच्या वर उत्पन्न जेवढं जाईल, त्याच्या दर शंभरामागे वीस भत्त्यातून कमी होतील.

बंद नाही, कमी. तेही शंभरामागे वीसच.

धाकटीनं इस्त्री उभी केली, तिचा प्लग काढला, वायर गुंडाळली. सगळं नेहमीसारखं, फक्त फार सावकाश. मग म्हणाली, "दोनदा नाही म्हणून आले मी."

शेपटीनं विचारलं, "मग आता साबण संपवायचा का?"

मुली हसल्या. धाकटी हसली नाही. मुलींना खाली खेळायला पाठवून ती माझ्यासमोर बसली. आणि मी, ताई, तुला १९ तारखेला लिहिलेलं सगळं तिला सांगितलं. डिंकासकट. लिहायला सोपं होतं. तोंडानं सांगताना प्रत्येक शब्द त्या पत्रकासारखा सोलून काढावा लागला.

"ताईनं सांगितल्यावर चिकटवलंस?"

"हो."

"रागानं?"

इथे मी हो म्हणून सुटलो असतो. पण वाफ बरीच आत गेली होती. मी म्हणालो, "राग दोन दिवसांत गेला. नंतर भीती राहिली. तू सुपरवायझर झालीस की मुलींना घेऊन वेगळं घर करशील असं वाटलं. भत्ता जाईल ही भीती खरी होती, पण ती वरवरची. मग मला कागद चिकटलेलाच बरा वाटायला लागला."

तिनं दाराकडे पाहिलं. दारावर चौकोनी फिकट डाग राहिला आहे. ती रडेल असं वाटलं, ओरडेल असंही वाटलं.

"दादा," ती म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी तू मला घर दिलंस, म्हणून तुझा शब्द मोडायचा नाही असं मी ठरवलं होतं. तू चुकतोयस असं वाटलं तेव्हासुद्धा. तर चूक निम्मी माझी धर."

"एवढी नको. शंभरामागे वीस धरू."

तेव्हा ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग ओढणीचं टोक तोंडात धरून, मग काहीच न धरता. खालून शेपूट ओरडली, "आई रडतेय का?" आणि तिनं खिडकीतून सांगितलं, "नाही गं, मामाचं भाष्य चाललंय."

मग डोळे पुसून म्हणाली, "आणि वेगळं घर कशाला करू? तुझ्याशी भांडायला रोज बस पकडावी लागेल. सुपरवायझरला एवढा वेळ असतो का?"

संध्याकाळभर मात्र ती माझ्याशी फारशी बोलली नाही. तेही बरोबरच होतं. वाफेनं सुटलेला कागद लगेच हाताळू नये, आधी वाळू द्यावा.

मधला


२७ मार्च

ताई,

फाइल उठवली. ती चावली नाही.

धाकटी, मी आणि आमच्या कायदेशीर सल्लागार म्हणून वकीलीण, असे तिघं कचेरीत गेलो. खिडकी क्रमांक चारवर एक जाड चष्म्याच्या बाई होत्या, हातात अर्धा खाल्लेला पेरू. आम्ही सांगितलं, पगार वाढणार आहे, ते कळवायला आलो आहोत.

"वाढलाय?"

"अजून नाही. चार दिवसांत हो म्हणायचं आहे."

"म्हणजे वाढण्याआधीच कळवायला आलात?" त्यांनी पेरू बाजूला ठेवला. "जरा थांबा हं. साहेबांना दाखवते तुम्हाला. नाहीतर त्यांना खोटं वाटेल."

मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून समजावलं. रेषेखाली पूर्ण भत्ता. रेषेवर जेवढं जाल, त्याच्या शंभरातले वीस आम्ही भत्त्यातून कापणार, ऐंशी तुमच्या घरात राहणार. पगार वाढला की महिन्याच्या आत कळवायचं, एवढंच पथ्य. न कळवता पूर्ण घेत राहिलात तर जास्तीचं परत द्यावं लागतं.

वकीलिणीनं विचारलं, "पण कमाई वाढली आणि घरात कमी आलं, असं होतं का कधी?"

"या तक्त्यात तर नाही, बाळ." बाईंनी धाकटीकडे पाहिलं. "हे पत्रक आम्ही प्रत्येकाला देतो. तुम्हाला मिळालं नव्हतं?"

धाकटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिळालं होतं. आमच्याकडे ते अगदी पक्कं बसवलेलं होतं."

आज ती मालकीणबाईंना हो सांगून आली. बाई म्हणे उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साबण मागू नकोस म्हणजे झालं." रोलरवरच्या बायकांनी टेबल वाजवलं. तिची पहिली मागणी प्रत्येक रोलरपाशी एक उंच स्टूल ही होती, बसता येईल असं. अकराशे चादरी तिनं सहा वर्षं उभ्यानं काढल्या, ते मला आज कळलं. तिच्या पायांना तेल मी आणून द्यायचो. ते का लागतं, हे मात्र कधी विचारलं नाही. तेही एक न उलटलेलं पान.

मीही प्रौढांच्या वर्गाला हो म्हटलं. घसा चमत्कारिकरीत्या बरा झाला आहे. नावं नोंदवणाऱ्यांत लाँड्रीचा बॉयलरवाला आहे. त्याला म्हणे सगळ्या शब्दांच्या मुळाशी जायचं आहे. धाकटीनं त्याला ताकीद दिली आहे, "गुरुजी मुळाशी नेतील, पण मागची बाजू तुमची तुम्ही बघा."

मधला


९ मे

ताई,

परवा कचेरीचा लिफाफा आला. आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो आणि मी मोठ्यानं वाचलं: आपल्या कुटुंबाच्या उत्पन्नात वाढ झाल्याने आपला मासिक भत्ता कमी करण्यात येत आहे.

कचेरीच्या गद्यात इतकं सुंदर वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही. धाकटीनं ते पुन्हा वाचायला लावलं. "त्या 'वाढ झाल्याने'वर थांब थोडा," म्हणाली. मी थांबलो. तिसऱ्या वेळेला शेपटीनं टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या काकू काय झालं म्हणून डोकावल्या. "आमचा भत्ता कमी झाला," शेपटीनं अभिमानानं सांगितलं. काकूंनी सांत्वनाला तोंड उघडलं होतं, पण आमची तोंडं पाहून त्या आल्या तशा गेल्या.

पत्र चिकटवलेलं नाही. स्वयंपाकघरात दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यानं टांगलं आहे, दोन्ही बाजू वाचता येतील असं. वारा आला की ते आपोआप उलटतं. वकीलीण म्हणते, घरातलं सगळ्यांत शहाणं माणूस तेच.

पहिल्या नव्या पगारातून धाकटीनं स्वतःसाठी चपला घेतल्या, मऊ तळव्याच्या. मुलींना नव्या वह्या, मला गुडघ्याचा पट्टा. उरलेल्यातून एक पाचवी खुर्ची आणली. कशाला, असं मी विचारलं नाही. भाष्य न करता राहायची सवय करतो आहे.

दार पुन्हा बिजागरीवर बसवलं. डाग आहे तसाच ठेवला. तुझी प्रतिज्ञा कागदाबद्दल होती, डागाबद्दल नव्हती, असा माझा अर्थ आहे. माझ्या अर्थांचा पूर्वेतिहास तुला ठाऊक असल्यामुळे खुद्द वकीलिणीकडून तपासून घेतला. तिनं तो "पण" न लावता मान्य केला.

हे पान इथे संपतं. तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो: उलट.

(मागील पान)

इथे जागा मोठी आहे आणि मजकूर लहान.

त्या दिवशी तुझं बरोबर होतं. लेबलांबद्दल मी बोललो ते चूक होतं. रविवारी ये.

मधला

मावशी, साबण अजून नऊ किलो उरला आहे. येताना मोठी पिशवी आण. — शेपूट